मिडवेस्टचा पूर्वज १८९० पाशी हरवतो तेव्हा

मिडवेस्ट म्हणजे अमेरिकेची आयोवा, कॅन्ससकडची मधली राज्यं. तिथला पूर्वज शोधताना १८८० च्या जनगणनेत आठ वर्षांचा पोरगा आईबापांजवळ दिसतो आणि १९०० मध्ये थेट बायकामुलांसकट दुसऱ्याच गावी. मधली वीस वर्षं कोरी. १८९० च्या अमेरिकी जनगणनेचे जवळजवळ सगळे कागद १९२१ ची वॉशिंग्टनमधली आग आणि नंतरची विल्हेवाट यांत गेले.

अशा वेळी राज्याची जनगणना उघडा. आयोवा आणि कॅन्ससने १८८५ आणि १८९५ मध्ये स्वतःची मोजणी केली होती. आयोवाची १९२५ ची तर फारच मोलाची, कारण तिच्यात आईवडिलांची नावं आहेत, आईचं माहेरचं आडनावही. घराण्याच्या कागदांत बायका लग्नानंतर हरवतात. या एका रकान्यामुळे अख्खं आजोळ हाती लागतं.

पूर्वजाने १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली (वस्ती करून कसणाऱ्याला सरकारी जमीन देणारा कायदा) जमीन घेतली असेल, तर नॅशनल आर्काइव्हज या अमेरिकी सरकारच्या दप्तरखान्याकडून त्याची जमिनीची फाइल जरूर मागवा. पाच वर्षं राहून जमीन कसल्याचा पुरावा द्यावा लागे. म्हणून त्यात घर केवढं, किती एकर नांगरली, कुटुंबात कोण कोण, सगळं येतं. परदेशातून आलेला असेल तर नागरिकत्वाचे कागदही सापडतात. साक्षीदारांच्या सह्या नीट वाचा. शेजारी म्हणून सही करणारा पुष्कळदा मेहुणा किंवा सासरा निघतो.

आणि स्पेलिंगवर अडून बसू नका. श्मिट या जर्मन आडनावाचा स्मिथ सहज होतो.