राजकीय मुलाखत घेताय? डेव्हिड फ्रॉस्टच्या या चुका टाळा

यूट्यूबवर राजकीय मुलाखतींचं चॅनल काढायचंय म्हणून कुणी सल्ला विचारला, की मी कॅमेरा, माइक, दिवे यांच्यावर बोलत नाही. ब्रिटिश टीव्ही मुलाखतकार डेव्हिड फ्रॉस्टच्या मुलाखती बघायला सांगतो. इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या टेंटरडेन गावात १९३९ साली जन्मलेला हा मेथडिस्ट पाद्र्याचा मुलगा. केंब्रिजमधून बाहेर पडला आणि १९६२ मध्ये बीबीसीच्या विडंबनाच्या कार्यक्रमातून राजकारण्यांची टोपी उडवू लागला. पुढे विल्सनपासून कॅमेरनपर्यंत आठ ब्रिटिश पंतप्रधान आणि निक्सनपासून धाकट्या बुशपर्यंत सात अमेरिकी अध्यक्ष त्याच्यासमोर बसले. एवढा दांडगा अनुभव असूनही तो चुकला, आणि त्याच्या चुका आपल्याकडच्या स्टुडिओंत रोज होतात.

घाम फोडला म्हणजे मुलाखत जमली, असं नाही

१९६७ साली फ्रॉस्टने एमिल सावुंद्राला बोलावलं. या गृहस्थाची वाहन विमा कंपनी आदल्या वर्षी बुडाली होती आणि सुमारे चार लाख वाहनधारक विम्याविना उघड्यावर पडले होते. स्टुडिओत प्रेक्षक म्हणून त्यांतलेच काही लोक बसवलेले. सावुंद्रा उर्मटपणे बोलत गेला, फ्रॉस्ट त्याला कोपऱ्यात घेत गेला, टाळ्यांवर टाळ्या. सावुंद्राला काही दिवसांतच अटक झाली, पुढच्या वर्षी आठ वर्षांची शिक्षाही झाली. पण अपिलाच्या वेळी न्यायाधीशांनी या मुलाखतीवरच ताशेरे ओढले: खटला टीव्हीवर चालवायचा नसतो.

आपल्याकडे अटकेची शक्यता असलेल्या माणसाला ‘तुम्हीच पैसे खाल्ले ना?’ असं विचारून त्याची रील बनवतात. त्याऐवजी कागद पुढे ठेवा. या तारखेला या ठरावावर सही कुणाची, एवढंच विचारा. दोषी कोण हे तुम्ही ठरवायचं नाही. प्रकरण न्यायप्रविष्ट असेल तर प्रश्न आधी वकिलाच्या नजरेखालून घाला. पाच-दहा मिनिटांचं काम असतं.

मोठा प्रश्न टाकून मागे रेलून बसणं

ही चूक सगळ्यांत महाग पडते, कारण करताना ती चूक वाटतच नाही.

वॉटरगेट प्रकरणामुळे (विरोधी पक्षाच्या कचेरीतली घुसखोरी आणि ती दडपण्याचा प्रयत्न) १९७४ मध्ये राजीनामा दिलेल्या अमेरिकी अध्यक्ष निक्सनची फ्रॉस्टने १९७७ मध्ये बारा दिवस मुलाखत घेतली. चित्रीकरण झालं जवळपास २९ तास. सुरुवातच धडाकेबाज केली: तुमच्या कार्यालयातल्या संभाषणांच्या, तुम्हालाच अडकवणाऱ्या त्या टेप तुम्ही जाळून का नाही टाकल्या? प्रश्न चमकदार होता, पण निक्सनसारख्या मुरलेल्या वकिलाला तो आंदणच मिळाला. तो बोलत राहिला, आठवणींत रमला आणि वेळ खात गेला. पहिल्या काही दिवसांत फ्रॉस्टचे सहकारी हवालदिल झाले होते. ‘शेतकऱ्यांसाठी काय केलंत?’ असं विचारल्यावर आपल्याकडचे आमदार वीस मिनिटं जे करतात, तेच निक्सन करत होता.

वॉटरगेटच्या सत्रात चित्र पालटलं ते अभ्यासामुळे. जेम्स रेस्टन ज्युनियर या संशोधकाने निक्सन आणि त्याचा सहकारी चार्ल्स कोल्सन यांच्या संभाषणाचे, तोवर चर्चेत न आलेले उतारे शोधून काढले होते. फ्रॉस्ट ते तारखेसकट वाचून दाखवू लागला. आता पाल्हाळ लावायला जागाच उरली नाही. तेव्हा पाहुणा भरकटतोय असं वाटलं, तर आवाज चढवू नका, प्रश्न बारीक करा. तारीख, रक्कम, सही, त्याचंच जुनं वाक्य. आणि हे कागद तुमच्या स्वतःच्या डोक्यात बसलेले हवेत. कानातल्या बटणातून निर्माता सांगेल या भरवशावर राहिलात, तर तो बोलेपर्यंत पाहुणा पुढच्या गावाला पोचलेला असतो.

(रात्री दारूच्या नशेत निक्सनने फ्रॉस्टला फोन केला, असा प्रसंग नंतरच्या नाटक-सिनेमात आहे. तो कल्पित आहे. मुलाखत कशी घ्यावी हे सिनेमावरून शिकू नका.)

पैशाची गोष्ट झाकून ठेवणं

फ्रॉस्टने निक्सनला सहा लाख डॉलर आणि नफ्यात वाटा कबूल केला होता. अमेरिकेतल्या बड्या वाहिन्यांनी पाठ फिरवली, टीकाही भरपूर झाली. पण व्यवहार उघड होता आणि संपादनावर निक्सनचा अधिकार नव्हता. आपल्याकडे गंगा उलटी वाहते, पाहुणाच ‘प्रायोजक’ असतो. तसं असेल तर पडद्यावर लिहा, नाहीतर ती जाहिरात आहे.

पुढच्या प्रश्नाकडे डोळे, समोरच्याकडे कान नाहीत

नोव्हेंबर २००७, अल जझीरा इंग्लिश. कराचीत आपल्या मिरवणुकीवर झालेल्या हल्ल्यामागे कोण असावं, हे बेनझीर भुट्टो सांगत होत्या. बोलता बोलता उमर शेखचा उल्लेख आला आणि त्या म्हणाल्या, ज्याने ओसामा बिन लादेनचा खून केला तो. वास्तविक उमर शेखला शिक्षा झाली होती ती पत्रकार डॅनियल पर्लच्या हत्येप्रकरणी. जीभ घसरली असणार. फ्रॉस्टने टोकलं नाही, मुलाखत पुढे गेली. २७ डिसेंबरला भुट्टोंची हत्या झाली आणि विचारायला माणूसच उरलं नाही. ती क्लिप मात्र वर्षानुवर्षं फिरत राहिली.

‘म्हणजे? कोणाला मारलं म्हणालात?’ एवढं पुरेसं होतं. मी स्वतः एका आमदारांच्या तोंडून ‘यंदा मी उभा राहत नाही’ हे ऐकूनही कागदावरचा पुढचा प्रश्न वाचला होता, पावसाचा. दुसऱ्या दिवशी बातमी भलत्याच पेपरात. तेव्हापासून प्रश्नांची चिठ्ठी मांडीवर उलटी ठेवतो.

शांतता भरून काढायची घाई

निक्सन म्हणत होता, चुका झाल्या. ‘चुका’ याहून काही शब्द वापराल का, असं फ्रॉस्टने विचारलं तेव्हा तो उलट म्हणाला, तुम्हीच सुचवा. फ्रॉस्टने हातातला क्लिपबोर्ड बाजूला टाकला. तीन गोष्टी सांगितल्या: ही नुसती चूक नव्हती, अधिकाराचा गैरवापर झाला, लोकांना दोन वर्षं विनाकारण यातना झाल्या म्हणून माफी मागा. आणि मग गप्प बसला. निक्सन हळूहळू उलगडत गेला, आपण देशाला तोंडघशी पाडलं इथपर्यंत आला.

त्याआधीची गंमत सांगायलाच हवी. निक्सनचा मदतनीस जॅक ब्रेनन कॅमेऱ्यामागून कागद दाखवत होता: त्यांना बोलू द्या. फ्रॉस्टने घाईत वाचलं, ‘आपण बोलू या’, आणि टेप बदलायच्या निमित्ताने चित्रीकरण थांबवलं. कबुली आली ती या मध्यंतरानंतर.