वार्ताहराला माहिती देताना बातमीत आपलं नाव कसं राखावं?

दुष्काळाच्या दिवसांत एका वार्ताहराला मी फोनवर तासभर समजावलं होतं. महाराष्ट्राच्या बहुतेक भागाखाली बसाल्ट, म्हणजे काळा कातळ आहे, त्यात पाणी साठतं ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत, म्हणून बोअर खोल नेली की पाणी लागेलच असं नाही. दुसऱ्या दिवशी सगळं छापून आलं, ‘तज्ज्ञांच्या मते’. उन्हातान्हात विहिरींची पातळी मोजत फिरलेल्या माझ्या विद्यार्थ्यांचाही उल्लेख नव्हता. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून फोन आला की मी आधी विचारतो: बातमी कुठे येणार, कधीपर्यंत हवी, नाव देणार ना? संकोच करू नका. नाव नको असेल तर तेही बोलण्याआधीच सांगा, नंतर ‘हे छापू नका’ म्हणून उपयोग नसतो.

बोलणं झालं की लगेच मुद्द्याची चार-पाच वाक्यं व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलने लिहून पाठवा. वर नाव, हुद्दा, विभाग, जसं छापून यावं अगदी तसं. आकडे सहकाऱ्याने किंवा विद्यार्थिनीने जमवले असतील तर त्यांचं नावही त्याच संदेशात. हा कंटाळा अजिबात करू नये. १९५७चा कॉपीराइट कायदा कल्पनेला नाही, ती मांडणाऱ्या शब्दांना संरक्षण देतो. फोनवरच्या तासाभरावर हक्क सांगणं अवघड, लिहिलेला मजकूर मात्र तुमचा, आणि कलम ५७ प्रमाणे त्याचे लेखक म्हणून ओळखलं जाण्याचा हक्कही तुमचा.

पूर्ण बातमी तपासायला मागू नका, ती संपादकांची. आपल्या तोंडची वाक्यं आणि आकडे तेवढे वाचून दाखवायला सांगा.

तरीही नाव गळलं तर आधी वार्ताहराशी बोला. पुष्कळदा कात्री डेस्कवर, म्हणजे बातमी संपादित होते तिथे, लागलेली असते, आणि ऑनलाइन आवृत्तीत दुरुस्ती त्याच दिवशी होऊ शकते. नाही झाली, तर संदेशाची प्रत जोडून संपादकांना लिहा. दुसऱ्याचं लेखनच नव्हे, कल्पनाही श्रेय न देता वापरणं भारतीय प्रेस परिषदेच्या, म्हणजे वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेच्या, आचारसंहितेत गैर मानलं आहे. संपादकांनी दाद दिली नाही, तर दैनिक-साप्ताहिकाविरुद्ध मजकूर छापल्यापासून दोन महिन्यांत परिषदेकडे तक्रार करता येते. परिषद दंड करत नाही, समज देते किंवा ठपका ठेवते.

वाहिन्या मात्र तिच्या कक्षेत येत नाहीत. तेव्हा स्टुडिओत बसण्याआधीच पडद्यावर झळकणारं नाव आणि हुद्दा स्वतः टाइप करून द्या.