गोळी चालू असूनही वरचा रक्तदाब १४० च्या खाली येत नव्हता: माझा अनुभव

औषध नियमित घेत असूनही सकाळचा रक्तदाब १४५/९२ च्या आसपासच राहत असे. जेवताना वरून मीठ घेणे बंद केले, लसूण खाल्ला, अधूनमधून चाललो. आकडा हलेना आणि मन फार खचले.

उपयोग झाला तो पुढील क्रमाने. प्रथम मोजण्याची पद्धत सुधारली: मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा-कॉफी नाही, लघवी करून पाठ टेकून पाच मिनिटे शांत बसणे, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर हृदयाच्या पातळीत, आणि एका मिनिटाच्या अंतराने दोन नोंदी. त्यानंतर पाकीटबंद पदार्थांवरील सोडियमचे आकडे वाचू लागलो, आणि खरे कारण तेथेच सापडले, कारण पाव, बिस्किटे, सॉस व तयार सूप यांतून बरेचसे मीठ नकळत पोटात जात होते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची, म्हणजे सुमारे २ ग्रॅम सोडियमची आहे. हे पदार्थ थांबवून फळे, भाज्या व डाळी वाढवल्या. शेवटी आठवड्यातील पाच दिवस ३० मिनिटे भरभर चालणे सुरू केले.

काही आठवड्यांत सरासरी १३० च्या खाली आली. गोळी मात्र स्वतःहून बंद केली नाही. नोंदवही पाहून डॉक्टरांनीच मात्रा कमी केली. कमी सोडियमच्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते, त्यामुळे मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच वापरावे.