टोपणनावाने लिहिताना आधी क्रियापदं सांभाळा

पहिल्यांदा हे ठरवा की लपायचं कोणापासून. ऑफिस, सोसायटी, सासर-माहेर यांच्यापासून टोपणनाव टिकवता येतं. पोलीस आणि कोर्टापासून नाही, कारण तुमचा फोन नंबर आणि आयपी अ‍ॅड्रेस (इंटरनेट जोडणीचा पत्ता) ज्या साइटवर किंवा अ‍ॅपवर लिहिता त्या कंपनीकडे असतात आणि रीतसर मागणी आली की ते दिले जातात. १९३३ साली लेखिका बाळूताई खरे 'विभावरी शिरूरकर' या नावाने छापून आल्या, तेव्हाही प्रकाशकाला खरं नाव ठाऊक होतंच. आता प्रकाशकाच्या जागी कंपनी आहे, एवढंच. टोपणनाव घेणं गुन्हा नाही. मात्र दुसऱ्या खऱ्या माणसाचं नाव-फोटो लावून ऑनलाइन फसवणूक केली, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

नाव निवडताना जन्मसाल, गाव, कुलदैवत, जुन्या गेमिंग अकाउंटचं नाव यातलं काही नको. ठरवलेलं नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये, दोन्हीकडे शोधून बघा. अगदीच दुर्मिळ नावही बरं नाही. 'अनामिका' शोधली तर हजार निघतात, आणि आपल्याला तेच हवंय.

बहुतेकांची ओळख फुटते ती फोन नंबरमुळे. आपल्याकडे सिम केवायसीशिवाय मिळत नाही, आणि तोच नंबर सगळ्या नातेवाइकांच्या फोनमध्ये सेव्ह असतो. नव्या अकाउंटला तो दिला की 'तुम्ही यांना ओळखता का' म्हणून तुमचं गुप्त अकाउंट मावसभावाला सुचवलं जातं. म्हणून नवा ईमेल काढा, त्याला रिकव्हरीसाठी रोजचा ईमेल जोडू नका, आणि अ‍ॅपने कॉन्टॅक्ट्स मागितले की नाही म्हणा. एक्सवर प्रायव्हसीमध्ये 'डिस्कव्हरेबिलिटी अँड कॉन्टॅक्ट्स' उघडून ईमेल आणि फोन, दोन्हींसमोरची टिक काढून टाका. टेलिग्रामवर 'फोन नंबर'ला 'नोबडी' निवडलं की खाली आणखी एक प्रश्न उगवतो, नंबरवरून तुम्हाला कोण शोधू शकेल? तिथे 'माय कॉन्टॅक्ट्स' करा. हा दुसरा भाग बहुतेक जण विसरतात. आणि वाचकांकडून यूपीआयने पैसे घ्यायचे नाहीत. पाठवणाऱ्याला बँकेतलं नाव दिसतं.

इथपर्यंतचं कुठल्याही भाषेत लागू आहे. मराठीत खरी पंचाईत पुढे आहे.

'मी गेले' की 'मी गेलो', हे लिहिताच तुम्ही बाई की पुरुष ते कळलं. (कोल्हापूर-सांगलीकडे बायकाही 'मी आलो' म्हणतात, म्हणजे तिथे गावही कळलं.) लपवायचं असेल तर वाक्याची घडण बदला. सकर्मक भूतकाळात क्रियापद सहसा कर्माप्रमाणे चालतं, तेव्हा 'मी पुस्तक वाचलं', 'मी चिठ्ठी लिहिली' सुरक्षित. भविष्यकाळही सुरक्षित: 'मी येईन, बघेन'. 'मला वाटतं', 'मला जावं लागलं', 'माझं तिकडे जाणं झालं' हेही चालतं. धोक्याची जागा म्हणजे 'म्हणतो/म्हणते', 'येतोय/येतेय', 'करत होतो/होते', आणि 'बसलो', 'थांबले' यांसारखी अकर्मक क्रियापदं. 'आम्ही गेलो' दोघांनाही चालतं, पण सारखं वापरलं तर संस्थानिकाचा थाट येतो. याउलट उलट लिंग घेऊन लिहायचं ठरवलंत, तर पहिले काही महिने प्रत्येक पोस्ट टाकण्याआधी फक्त क्रियापदांसाठी एकदा वाचा. चूक लांब लेखात होत नाही, ती रागाने दिलेल्या दोन ओळींच्या उत्तरात होते.

मग बोली. 'करून राहिला' म्हटलं की विदर्भ. पोळी की चपाती, यावरूनही लोक अंदाज बांधतात. बोली पुसून टाकल्याने लेखन मचूळ होतं, म्हणून आमचा सल्ला असा: प्रदेश कळू द्या, तालुका नको. शाळेचं नाव, एसटीचा थांबा, घरात एकमेकांना मारायच्या हाका मात्र गाळा.

त्याहून बारीक खूण कीबोर्डची. कोणी 'अ‍ॅप' लिहितं, कोणी 'ऍप'. कोणी 'दुसऱ्या', कोणी 'दुसर्या'. 'नाहीये', 'नाहीय', 'नाही आहे' यांतलं एकच तुमच्या हाताला लागलेलं असतं. शिवाय दोन टिंबं, तीन टिंबं, ठरावीक इमोजी. खऱ्या नावाने लिहिलेल्या तुमच्या वीस पोस्ट समोर ठेवा, अशा सवयींची यादी करा, आणि टोपणनावासाठी त्यांतल्या चार-पाच बदला. सगळ्या बदलायला गेलात तर टिकणार नाही.

फोटो कॅमेऱ्यातून जसाच्या तसा पाठवला तर त्यात जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात. व्हॉट्सअ‍ॅप साध्या फोटोतून ते काढून टाकतं, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलात तर राहतात. सोपा उपाय म्हणजे फोटोचा स्क्रीनशॉट काढून तो टाकणे. खिडकीबाहेरची पाण्याची टाकी आणि स्टीलच्या डब्यावर कोरलेलं नाव मात्र तुम्हालाच बघावं लागेल. वर्डच्या फाइलमध्ये 'ऑथर' म्हणून खरं नाव असतं, पीडीएफ केली तरी ते बरोबर जाऊ शकतं. गूगल ड्राइव्हची लिंक रोजच्या अकाउंटवरून कधीच देऊ नका.

दोन्ही अकाउंट एकाच अ‍ॅपमध्ये ठेवणं ही सगळ्यात महागडी सोय. कधीतरी चुकीच्या अकाउंटवरून उत्तर जातंच. टोपणनाव वेगळ्या ब्राउझरमध्ये ठेवा, त्याचं अ‍ॅप फोनवर घेऊच नका, नोटिफिकेशन बंद. स्वतःच्याच पोस्टला खऱ्या नावाने लाइक देण्याचा मोह आवरा.

कोणी विचारलंच, 'हे तूच लिहितोस ना?', तर अकाउंट त्याच रात्री उडवू नका. तो होकारच समजला जातो. 'कुठलं?' एवढं विचारून विषय सोडा, लिहिण्याचा वेग तोच ठेवा, आणि पुढच्या काही आठवड्यांत ज्यावरून ओळख पटली असेल त्या जुन्या पोस्ट हळूहळू काढा. तिथले स्क्रीनशॉट कोणाकडे असतील तर ते राहणारच.