वहाळ कधी आटणार, हे विहिरीवरून कसं ओळखावं

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात वहाळ, म्हणजे लहान ओढे, कोरडे पडतात. सड्यावरचा, म्हणजे उंच सपाट पठारावरचा, जांभा दगड सच्छिद्र. त्यात पाणी पटकन मुरतं आणि खालच्या चिकणमातीच्या थरावरून वहाळाकडे निघून जातं. पाऊस थांबल्यावर वहाळात वाहतं ते हेच भूजल. विहिरीची पातळी वहाळाच्या तळाखाली उतरली की धार तुटते.

वहाळाजवळची विहीर निवडा. खाडीकाठची नको, तिथे भरती-ओहोटीनेच पाणी वर-खाली होतं आणि उन्हाचा परिणाम वेगळा काढता येत नाही. कठड्यावर रंगाची खूण करा, मोजमाप कायम तिथूनच. स्टीलच्या टेपला वजन बांधा, टोकाच्या फूटभर भागाला खडू फासा आणि टोक पाण्यात बुडवा. खुणेपाशी येणाऱ्या आकड्यातून भिजलेल्या खडूचा आकडा वजा केला की खोली मिळते. कापडी टेप ताणते, ती वापरू नका.

आता गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी घ्या. कठड्यावरची खूण वहाळाच्या तळापेक्षा किती उंच आहे ते टप्प्याटप्प्याने काढा. खूण तळाच्या ४ मीटर वर आणि पाणी खुणेखाली ३.४ मीटर असेल, तर अजून ६० सेंटिमीटर हाताशी आहेत. हे काम कंटाळवाणं आहे, पण याच्याशिवाय बाकी नोंदींना अर्थ नाही.

आठवड्यातून एकदा पहाटे मोजा, आदल्या संध्याकाळपासून पंप बंद ठेवून. मार्च-एप्रिलमध्ये एक दिवस पंप पूर्ण बंद ठेवून संध्याकाळीही मोजा. पाणी उथळ आणि भोवती दाट झाडी असेल तर पातळी किंचित उतरलेली दिसते. विहीर तापते म्हणून नव्हे. दिवसाची उष्णता जमिनीत दोन-तीन फुटांखाली फारशी पोचत नाही. उन्हात झाडांची मुळं जास्त पाणी ओढतात, रात्री ओढ थांबते आणि पातळी सावरते. आगराचं, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेचं, शिंपणंही याच दिवसांत वाढतं.

पाझर कुठे आहे ते थर्मामीटर सांगतो. एप्रिलात दुपारी तीनला वहाळात दर २० पावलांवर तळाशी तापमान घ्या. आजूबाजूपेक्षा दोन अंश थंड लागलं, तर तिथे भूजल येत असण्याची शक्यता मोठी. सावलीतला डोह मात्र फसवतो.

उरलेल्या उंचीला आठवड्याच्या घसरणीने भागा. ६० सेंटिमीटर आणि आठवड्याला ६, म्हणजे सुमारे दहा आठवडे. उन्हाळा चढला की त्याहून कमी. वनराई बंधारा, म्हणजे माती-वाळू भरलेल्या गोण्यांचा तात्पुरता बांध, पाझराच्या खालच्या अंगाला, धार चालू असतानाच, पुढच्या नोव्हेंबरात घाला.