किलोचा दर आणि बॉक्सचा हिशोब: फाउंड्रीच्या प्लॅनिंगमध्ये नव्याने लागणाऱ्यांसाठी

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीतल्या फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) डिप्लोमा नाहीतर बी. ई. करून प्लॅनिंगला लागलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी ऐकू येतात. मालक म्हणतात, ‘आपल्याला दर्जेदार, किचकट कास्टिंगमध्ये जायचंय.’ शॉपवर सुपरवायझर म्हणतो, ‘आज टनेज किती झालं?’ कंपनीचं धोरण आणि कंपनीचं रोजचं काम यांच्यातली फारकत या दोन वाक्यांतच आहे. किचकट कास्टिंग (साच्यात ओतून केलेला भाग) बहुधा वजनाला हलकं असतं, त्यामुळे सुपरवायझर ते मागे ढकलतो. त्यात त्याची चूक नाही, कारण महिनाअखेरीला त्याला टनेजच विचारलं जातं.

ही फारकत मिटवायची तर आधी आकडे हवेत. पहिले पंधरा दिवस टेबलावर न बसता सहा कागद गोळा करा: बारा महिन्यांचं पार्टीनिहाय (गिऱ्हाईकनिहाय) डिस्पॅच रजिस्टर, जॉबनिहाय रिजेक्शन, भट्टीचं हीट-लॉग (हीट म्हणजे भट्टीचा एक घाणा), बारा वीजबिलं, पॅटर्नची (साच्याला आकार देणाऱ्या नमुन्यांची) यादी आणि डेबिट नोटांची (पार्टीने कापलेल्या पैशांची) फाइल. पॅटर्नच्या यादीत प्रत्येक जॉबपुढे बॉक्समध्ये (वाळूच्या एका साच्यात) किती पिस, एका बॉक्सला किती धातू ओततात आणि कोर (आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा) किती, हे हवंच. बहुतेक ठिकाणी ते मोल्डिंगच्या मिस्त्रीच्या डोक्यात असतं. त्याच्याजवळ उभं राहून, चहाच्या वेळेला, लिहून घ्या. ओतलेल्या धातूचं वजन मात्र कुणाच्या सांगण्यावरून धरू नका. शेकआउटनंतर (साचा फोडून माल काढल्यावर) रनर-रायझरसकट (धातू आत जाण्याच्या वाटा आणि जादा धातूचे साठे) एक झाड, म्हणजे एका बॉक्सचा सगळा जोडलेला माल, काट्यावर ठेवा. सांगितलेलं आणि मोजलेलं यांत दहा-पंधरा टक्क्यांचा फरक सहज निघतो.

आता मुख्य मुद्दा. कास्टिंगचा धंदा किलोच्या दरावर चालतो. कोटेशन किलोवर, चर्चा किलोवर, मालकाचा अभिमानही किलोवर. पण फाउंड्री किलो विकत नाही. ती मोल्डिंगचे बॉक्स, भट्टीचे तास आणि फेटलिंगचे (ओतीव माल घासून-तासून साफ करणारे) हात विकते. यांपैकी जे सगळ्यात कमी पडतं, त्याच्या एका घटकामागे किती रुपये सुटतात यावर कोणता जॉब चांगला ते ठरतं.

एक उदाहरण शेवटपर्यंत करून पाहू. आकडे समजण्यापुरते आहेत, त्या जागी तुमचे घाला. मोल्डिंग मशिनची एक जोडी, ८ तासांच्या शिफ्टला १५० बॉक्स. भट्टी ५०० किलोची, शिफ्टला ७ हीट, म्हणजे ३,५०० किलो पातळ धातू.

जॉब ‘अ’ साधं कव्हर आहे. कोर नाही, बॉक्समध्ये १८ किलोचा एक पिस, दर ९२ रुपये किलो. यील्ड (ओतलेल्या धातूपैकी विकायला मिळणारा भाग) ७५ टक्के, म्हणजे बॉक्सला २४ किलो धातू ओतावा लागतो. बॉक्सची विक्री १,६५६ रुपये. धातू ८०६: रनर-रायझर परत वितळतं, म्हणून पिसाचे १८ किलो आणि २४ किलोवर वितळताना जाणारी ५ टक्के घट, असे १९.२ किलो, ४२ रुपये किलोने. वीज टनाला ६०० युनिट आणि युनिटला ९ रुपये धरून १३०. वाळू-बेंटोनाइट वगैरे ६०, फेटलिंग ५४. एकूण १,०५०. हातात ६०६ उरतात. ४ टक्के रिजेक्शनचा फटका, धातू परत मिळतो हे वजा करून, ३६ रुपये. शिल्लक ५७०.

जॉब ‘ब’ म्हणजे व्हॉल्व्ह बॉडी. बॉक्समध्ये अडीच किलोचे चार पिस, १० किलो, दर १२५. यील्ड ५५ टक्के, म्हणजे ओतायचा धातू १८.२ किलो. विक्री १,२५०. धातू ४५८, वीज ९८, वाळू ६०, चार कोर ८८, फेटलिंग ७०. एकूण ७७४, हातात ४७६. रिजेक्शन ९ टक्के, त्याचे ७५ गेले. शिल्लक ४०१.

किलोला ३३ रुपये जास्त मिळवणारा जॉब बॉक्समागे १६९ रुपये कमी देतो. मोल्डिंग कमी पडत असेल तर ‘ब’ महागात पडतोय. पण नुसता ‘अ’ घेतला तर? १५० बॉक्सला ३,६०० किलो धातू हवा, भट्टी देते ३,५००. म्हणजे आता भट्टी अडते आणि हिशोब बॉक्सऐवजी पातळ धातूच्या किलोमागे करावा लागतो. ‘अ’चे २३.७५ रुपये, ‘ब’चे २२. फरक जवळजवळ संपला. आणि ‘ब’चं रिजेक्शन ९ वरून ४ टक्क्यांवर आलं तर बॉक्समागे ४४३ रुपये सुटतात, धातूच्या किलोमागे २४.३. मग ‘ब’ वरचढ.

मालकांना किचकट मालात जायचंय ना? मग ‘ब’च्या रिजेक्शनमधले ५ टक्के कमी करणं हेच त्या धोरणाचं काम आहे. क्वालिटीच्या माणसाचा वेळ, कोर शॉपचा खर्च, वाळूची तपासणी तिथे वळली पाहिजे. मोल्डिंग अडत असताना मात्र ‘ब’चं रिजेक्शन शून्यावर आणलं तरी बॉक्सला ४७६ विरुद्ध ‘अ’चे ५७०. तिथे एकतर दर वाढवून मागायचा, नाहीतर बॉक्समध्ये चारऐवजी पाच-सहा पिस बसवायचे. किंवा तोटा कशासाठी सोसतोय ते आकड्यानिशी लिहून ठेवायचं. ‘पुढे मोठी पार्टी आहे’ हे कारण चालेल, पण ते ‘पुढे’ म्हणजे किती महिने, तेही लिहा.

पॅटर्न बदलाचाही हिशोब याच मापाने करा. वरचा-खालचा दोन्ही पॅटर्न बदलून पहिला बॉक्स पास व्हायला अर्धा तास लागतो असं धरा. तासाला साधारण १९ बॉक्स, म्हणजे ९ बॉक्स बुडाले. ‘ब’च्या भावाने ३,६०० रुपये. पार्टीने ‘अर्जंट वीस पिस द्या’ म्हटलं की ते पाच बॉक्स होतात, त्यांतून सुटतात २,००५. विक्रीचा माणूस फोनवर ‘होऊन जाईल साहेब’ म्हणतो तेव्हा हा दीड हजाराचा खड्डा त्याला दिसत नाही. त्याला तो दाखवणं तुमचं काम. भांडून नाही, प्रत्येक जॉबपुढे ‘कमीत कमी इतके बॉक्स’ असा एक रकाना काढून.

पार्टी नक्की काय विकत घेते

ट्रॅक्टर-वाहनवाल्यांकडे जाताना तुमच्याजवळ आयएटीएफ १६९४९चं (वाहन उद्योगाच्या दर्जा-व्यवस्थेचं) प्रमाणपत्र नसेल तर दारातच अडता. असलं म्हणून ऑर्डर मिळते असं नाही. ती मिळते दरावर आणि शेड्युल पाळण्यावर. त्यांच्या असेंब्ली लाइनला माल कमी पडला तर डेबिट नोट येते, नाहीतर स्वतःच्या खर्चाने खास गाडी पाठवावी लागते. व्हॉल्व्हवाल्याला दाबाखाली न गळणारं कास्टिंग हवं, त्यासाठी तो चार दिवस थांबेल. मशीन टूलवाल्याला दहा-दहा पिस लागतात, पण नवा पॅटर्न दिल्यावर पहिला नमुना किती दिवसांत येतो ते तो बघतो. पंपवाल्याला उन्हाळ्याआधी माल हवा आणि दर कमी हवा.

हे चौघे एकाच मशिनजोडीवर, एकाच नियमाने चालवले की सगळेच नाराज होतात. हार्वर्डचे विकहॅम स्किनर यांनी १९७४ मध्येच मांडलं होतं की एका कारखान्याला परस्परविरोधी कामं दिली की तो कुठलंच नीट करत नाही. आपल्या लहान फाउंड्रीत दोन कारखाने काढता येत नाहीत, पण दिवस वाटता येतात. सोमवार ते गुरुवार शेड्युलचा मोठा माल, शुक्रवार लहान बॅचेसना, आणि आठवड्यातून दोन हीट नमुन्यांसाठी राखून. या राखीव हीट शॉपला आवडत नाहीत, पहिल्या तंगीत कापल्या जातात. त्या कापल्या की ‘नवीन पार्टी आणायची’ हे धोरण कापलं जातं, आणि ते कळतं सहा महिन्यांनी.

दिवस वाटताना ग्रेडचं भान हवं. एफजी २६० (ग्रे आयर्न) आणि एसजी ५००/७ (गोलाकार ग्राफाइटचं लोखंड) एकाच भट्टीत हीट-आड-हीट काढायचा मोह होतो. ग्रे आयर्नला इनॉक्युलेशन (ग्राफाइट नीट बनावं म्हणून ओतण्याआधी घालायची पूड) नीट लागू पडायला ०.०६ ते ०.१० टक्के गंधक चालतं, किंबहुना लागतं. एसजीच्या मूळ धातूत ते ०.०२च्या खाली हवं, नाहीतर ग्राफाइट गोल करण्यासाठी घातलेलं मॅग्नेशियम गंधकाशीच लढण्यात संपतं. त्यामुळे रनर-रायझरचे डबे वेगळे, रंग वेगळे, आणि एसजीचा पूर्ण दिवस वेगळा. रिटर्नचा एक डबा चुकला की दुसऱ्या दिवशी मायक्रोस्ट्रक्चरमध्ये गोलाकार ग्राफाइटऐवजी किड्यांसारखे वाकडे तुकडे दिसतात.

एसजीमध्ये लॅडलही (धातू ओतायची बादली) बघा. मॅग्नेशियमचा असर उतरत जातो. प्रक्रियेनंतर आठ ते दहा मिनिटांत शेवटचा बॉक्स भरलेला हवा. २५० किलोच्या लॅडलमधून १८ किलोचे तेरा बॉक्स, प्रत्येकी २५ सेकंद, म्हणजे साडेपाच मिनिटं, जमतं. तेवढ्याच लॅडलमधून पाच किलोचे पन्नास बॉक्स, प्रत्येकी १२ सेकंद, म्हणजे दहा मिनिटं. लॅडल भट्टीपासून आणायचा वेळ तर धरलेलाच नाही. शेवटचे दहा बॉक्स संशयातच जाणार. लहान एसजी कास्टिंगची ऑर्डर घेण्याआधी लहान लॅडल आहे का, हा प्रश्न विक्रीच्या चेकलिस्टमध्ये असायला हवा. तो क्वचितच असतो.

दरपत्रकात दडलेलं धोरण

फाउंड्रीत सगळ्यात प्रामाणिक कागद म्हणजे कंत्राटदाराचं दरपत्रक. मोल्डिंग बॉक्सवर, फेटलिंग किलोवर, ही सर्रास पद्धत. फेटलिंगवाल्याला किलोला पैसे मिळतात, मग तो १८ किलोचं कव्हर आधी घासणार की अडीच किलोची व्हॉल्व्ह बॉडी, जिच्या पोटातली फिन (सांध्यात राहिलेला धातूचा पातळ पापुद्रा) छिन्नीने काढायला पाच मिनिटं जातात? व्हॉल्व्ह बॉडी कोपऱ्यात साठते. प्लॅनिंगच्या कागदावर ती ‘तयार’, पार्टीकडे ती ‘लेट’. वरच्या हिशोबात आपण ‘ब’ला फेटलिंग किलोला ७ रुपये आणि ‘अ’ला ३ धरलंय. प्रत्यक्षात दोन्हीला सरसकट ४ दिले जात असतील, तर व्हॉल्व्हचं धोरण फेटलिंगच्या दारातच मेलेलं आहे. जॉबनिहाय, पिसावर दर ठरवून घ्या. त्यासाठी घड्याळ लावून प्रत्येक जॉबचे किमान वीस पिस मोजा, आणि मोजण्याआधी त्या माणसाला कशासाठी ते सांगा. न सांगता मोजलेला वेळ खोटा निघतो.

महिन्याच्या टनेजवर सुपरवायझरचा बोनस असेल तर तोच रोग वरच्या मजल्यावर. पहिले तीन आठवडे सोपा, जड माल निघतो. शेवटच्या आठवड्यात शेड्युलची आठवण होते, रात्रपाळी लागते, घाईत वाळू तपासली जात नाही. ओलावा ३ ते ४ टक्क्यांच्या पट्ट्यातून वर गेला की ब्लो होल (वायूने पडलेली पोकळी), वाळू कोरडी पडली की कडा ढासळून वाळूचे कण कास्टिंगमध्ये. मग पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला रिजेक्शनचा आकडा उसळतो आणि दोष वाळूवर येतो. टनेजच्या जोडीला ‘ठरलेल्या आठवड्यात गेलेल्या ओळी’ हा आकडा फळ्यावर लावा. ओळी म्हणजे शेड्युलमधल्या नोंदी, टन नव्हे. दहा पिसांची ओळही एक, दोन हजारांचीही एक.

विजेचं थोडक्यात. अर्धी भरलेली शिफ्ट सगळ्यात महाग. थंड भट्टीची पहिली हीट जास्त युनिट खाते, धातू तयार आणि बॉक्स नाहीत म्हणून धरून ठेवला तर आणखी. चार-चार हीटचे सहा दिवस करण्यापेक्षा पूर्ण भरलेले साडेतीन दिवस बरे पडतात. महावितरणच्या बिलात दिवसाच्या वेळेनुसार दर बदलतात आणि कमाल मागणीचा आकार वेगळा लागतो. वेळांचे पट्टे वीज नियामक आयोगाच्या आदेशानुसार बदलत असल्याने जुन्या माणसाच्या पाठांतरावर न जाता चालू बिल वाचा.

ऑर्डर निवडताना आणखी दोन रकाने ठेवा. पहिला, धातूचे भाव बदलल्यावर पार्टी दर कधी सुधारते. भंगार आठवड्याला हलतं, बऱ्याच पार्ट्या तिमाहीने हलतात. चढत्या बाजारात तो काळ तुमच्या खिशातून जातो. दुसरा, पैसे किती दिवसांनी. २००६च्या एमएसएमईडी कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाला ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत. १९६१च्या आयकर कायद्यात आलेल्या ४३बी(एच) कलमामुळे २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून वेळेत न दिलेली आणि वर्षअखेरीला थकलेली रक्कम पार्टीला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. बिलावर उद्यम नोंदणी क्रमांक छापलेला नसला तर पार्टीचा अकाउंटंट पहिला बहाणा तोच करतो.

हे सगळं जमलं की मालकांपुढे एक पानी तक्ता ठेवा. दहा मोठे जॉब, प्रत्येकापुढे बॉक्समागे सुटणारे रुपये, धातूच्या किलोमागे सुटणारे रुपये, रिजेक्शन, उशीर झालेल्या ओळी. खालचे दोन जॉब लाल करा. पहिल्या बैठकीत बहुधा उत्तर येतं, ‘ती पार्टी वडिलांच्या वेळेपासूनची आहे.’ वाद घालू नका. तोच तक्ता पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला, नव्या आकड्यांसह, पुन्हा ठेवा. या वेळी लाल ओळीपुढे एक रकाना जास्त: हा जॉब थांबवला तर मोकळ्या होणाऱ्या बॉक्समध्ये कोणत्या पार्टीचं, कोणत्या तारखेचं थकलेलं शेड्युल बसतं.