आईवडिलांना कमी ऐकू येऊ लागल्यावर घरात होणाऱ्या या चुका टाळा

वयोमानाने येणारे बहिरेपण एका दिवसात येत नाही. बहुधा आधी वरच्या पट्टीतले, म्हणजे तीक्ष्ण, आवाज पुसट होऊ लागतात आणि खालच्या पट्टीतले, म्हणजे जाड, आवाज बराच काळ शाबूत राहतात. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, तर स, श, फ, त यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीत असतात आणि मुळातच क्षीण असतात. म्हणून आपण बोलत आहोत हे वडिलांना कळते, पण काय बोललो ते नीट कळत नाही. ‘सात’, ‘आठ’ आणि ‘साठ’ यांतला ‘आ’ त्यांच्यापर्यंत पोहोचतो, व्यंजन वाटेत हरवते आणि गोळीची वेळ चुकते. ‘यांना हवे तेवढे बरोबर ऐकू येते’ हा घरोघरी होणारा आरोप म्हणूनच अन्यायाचा आहे. शांत खोलीत समोर बसलेल्या माणसाचे बोलणे समजणे वेगळे, आणि पंखा, टीव्ही व कुकर चालू असताना स्वयंपाकघरातून आलेले वाक्य समजणे वेगळे.

ओरडून बोलणे

ही सर्वांत सर्रास होणारी आणि माझ्या मते सर्वाधिक दुखावणारी चूक आहे. आवाज चढवला की स्वर मोठे होतात, व्यंजने त्या प्रमाणात मोठी होत नाहीत. शिवाय ओरडताना ओठांची ठेवण बदलते आणि ओठांवरून अंदाज बांधण्याची सोयही जाते. आतल्या कानाच्या पेशी क्षीण झालेल्या माणसाला हळू आवाज ऐकू येत नाही, पण थोडा मोठा आवाज एकदम असह्य होतो. ‘जरा मोठ्याने बोल’ म्हणणारी आई पुढच्याच क्षणी ‘ओरडतोस कशाला?’ म्हणते, त्यामागे हे कारण असते. आधी हाक मारून लक्ष वेधावे, टीव्ही बंद करावा, चेहऱ्यावर उजेड येईल असे दोन-तीन फुटांवर बसावे आणि नेहमीच्या आवाजात थोडे सावकाश बोलावे. तरीही वाक्य समजले नाही, तर तेच पुन्हा न म्हणता शब्द बदलावेत. औषधाची वेळ, रक्कम, फोन नंबर कागदावर लिहून द्यावेत.

‘जाऊ दे, काही विशेष नाही’ असे म्हणून विषय सोडू नये. डॉक्टरांकडे त्यांच्या वतीने सगळी उत्तरेही आपण देऊ नयेत.

तेल, काडी आणि परस्पर आणलेले मशीन

कानात कोमट किंवा लसणाचे तेल घालण्याची सवय अजून गेलेली नाही. पडद्याला छिद्र असेल तर तेल आत जाऊन संसर्ग होऊ शकतो. कापसाच्या काडीने मळ अधिक आत ढकलला जातो. कधीकधी ऐकू कमी येण्याचे कारण केवळ साचलेला मळ असते, म्हणून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना कान दाखवावा आणि मगच ऑडिओमेट्री, म्हणजे कोणत्या पट्टीतले किती ऐकू येते याची तपासणी, करून घ्यावी. आवाज सरसकट वाढवणारे स्वस्त उपकरण परस्पर मागवण्यापेक्षा, तपासणीच्या आलेखानुसार पट्टीपट्टीने जुळवलेले श्रवणयंत्र घ्यावे. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत अशी तपासणी होते. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना केंद्र सरकारच्या एडिप (दिव्यांगांना साधने देणारी) किंवा राष्ट्रीय वयोश्री (ज्येष्ठांना साधने देणारी) योजनेतून यंत्र मिळू शकते.

यंत्र मिळाले की ते फक्त लग्नकार्यापुरते वापरण्याची चूक होते. मेंदूला नव्या आवाजांची सवय होण्यास काही आठवडे लागतात, त्यामुळे सुरुवातीला घरात, शांत वेळी, रोज थोडे अधिक वेळ ते वापरावे. यंत्र शिट्टी मारत असेल तर ते कानात नीट बसलेले नाही किंवा मळ साचला आहे, असे बहुतेक वेळा आढळते. आवाज क्षीण झाला तर आधी सेल बदलून पाहावा. झिंक-एअर सेल, म्हणजे हवा लागल्यावर चालू होणारा छोटा सेल, असेल तर त्यावरचा कागद काढल्यावर एक-दोन मिनिटे थांबून मग तो बसवावा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, यंत्र रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवावे.

कान वाजण्याकडे दुर्लक्ष करणे

विसर्जन मिरवणुकीत डीजेच्या भिंतीजवळून आल्यावर कानात दडे बसतात आणि गुणगुण सुरू होते. ती बहुधा एक-दोन दिवसांत ओसरते, पण आतल्या कानावर ताण पडल्याची ती खूण असते. वारंवार असे झाले तर हानी कायमची राहते. घरात टीव्ही फार मोठा लावला जात असेल, तर तरुणांच्या कानांचाही विचार करावा आणि आईवडिलांसाठी टीव्हीला जोडता येणारे वेगळे हेडफोन घ्यावेत. ऐकू कमी येणाऱ्या पालकांना गुणगुण रात्रीच्या शांततेत अधिक जाणवते, तेव्हा खोलीत पंखा किंवा मंद संगीत चालू ठेवावे. ॲस्पिरिनच्या मोठ्या मात्रेनेही कान वाजतात. मात्र हृदयविकारासाठी दिलेली गोळी मनानेच बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे.

एका कानाचे ऐकू येणे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत अचानक कमी झाले, सोबत कान वाजत असो वा नसो, तर ‘सर्दीमुळे असेल’ म्हणत थांबू नये. यावर स्टिरॉइडचे उपचार जितके लवकर, शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांच्या आत, सुरू होतील तितकी ऐकू येणे परतण्याची शक्यता अधिक असते, त्यामुळे त्याच दिवशी तज्ज्ञांकडे जावे.